पुस्तकाची मळकी कड

आमच्या वाचनालयाच्या अध्यक्षांना सगळे हेडसर म्हणतात. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण शाळेची घंटा त्यांच्या डोक्यात अजून वाजते. बारा ते पंधरा वयाच्या मुलांसाठी चाळीस अभिजात पुस्तकांची यादी त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दाराशी लावली. खाली तांबड्या शाईत ‘वाचलीच पाहिजेत’. त्या दोन शब्दांनी आपलं काम चोख केलं. मुलं त्या कपाटाला वळसा घालून जायला लागली.

देवघेवीची वही माझ्याकडे असते, म्हणून आकडा पाठ आहे. पाच महिन्यांत तीन पुस्तकं बाहेर गेली, आणि तिन्ही पालकांनी नेली. मग बैठकीत हेडसरांनी निकाल लावला. सुट्टी संपेपर्यंत निदान वीस पुस्तकं मुलांच्या नावावर चढली नाहीत, तर सगळी गोदामात जातील. हल्लीच्या मुलांत दमच नाही, असं त्यांचं मत.

आमच्या ग्रंथपाल बाईंनी ही चाळीस पुस्तकं एकवीस वर्षांत वेचून आणलेली. बैठकीत त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. बाई गप्प बसल्या की काहीतरी शिजतंय असं समजावं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी पुस्तकं टेबलावर आडवी मांडली आणि एकही न उघडता नुसत्या पानांच्या कडा पाहिल्या. बोटं लागून कड मळते. वाचणारा जिथवर गेला तिथवर मळकी, पुढे कोरी. बहुतेक पुस्तकं तिसाव्या-चाळिसाव्या पानापर्यंत काळवंडलेली, पुढे कालच छापल्यासारखी. बाईंनी ती पानं उघडून दाखवली. कुठे घराण्याची सात पिढ्यांची माहिती, कुठे नुसतं धुकं. गोष्ट बिचारी त्यांच्यामागे ताटकळत उभी.

बाईंनी प्रत्येक पुस्तकात, गोष्ट जिथे खरी धावायला लागते तिथे, एक चिठ्ठी खोचली: ‘इथून वाच. मागचं नंतर, वाटलं तर.’

पहिली चिठ्ठी हेडसरांच्याच नातीला गेली. तेरा वर्षांची, आजोबांनी दिलेलं एकही पुस्तक पुरं न केलेली. दीपगृहाची जाडजूड कादंबरी, पान चौऱ्याहत्तर, जिथे दिव्याचा रखवालदार नाहीसा होतो. चौथ्या दिवशी तिने पुस्तक परत आणलं आणि उभ्याउभ्याच पुन्हा आपल्या नावावर मांडून घेतलं. रखवालदार भावाशी का भांडला होता, ते मागच्या त्र्याहत्तर पानांत होतं. मैत्रिणींना तिने शेवट सोडून सगळं सांगितलं. शेवटासाठी त्या रांगेत आल्या.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी हेडसर वही तपासायला आले. नात मागे होतीच. आकडा एकोणीस. एकाने हुकलं, असं म्हणता म्हणता त्यांनी कपाटातलं एक पुस्तक उघडलं आणि चिठ्ठी हाती लागली. मग ते एकोणीसही त्यांना चालेनात.

“बाई, हे वाचन नव्हे. उद्या घरात दाराऐवजी खिडकीतून शिराल.”

बाईंनी शांतपणे त्यांच्या यादीतलं पहिलं पुस्तक काढलं. शेवटच्या पानावर चिकटवलेल्या देवघेवीच्या तारखांच्या कागदावर एकच सभासद क्रमांक, तीनदा. हेडसरांचा. कड एकतिसाव्या पानापर्यंत मळकी.

“सर, तीनदा नेलंत आणि तीनदा त्याच दारातून परत आलात,” बाई म्हणाल्या. “तुमच्यात दम नव्हता, असं मी म्हणणार नाही. दारच जड आहे.”

हेडसरांनी कडेवरून अंगठा फिरवला. मी वहीत डोकं घातलं. अशा वेळी वही फार उपयोगी पडते. शेवटी हेडसरांनीच विचारलं,

“कितवं पान?”

“अठ्ठावन्न.”

त्यांनी पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. तुमचं वय पंधराच्या वर आहे, हे विसांत धरता येणार नाही, एवढं मी नम्रपणे सांगितलं. तोवर नातीने ते उचलून आपलं कार्ड पुढे केलं होतं.

“माझ्या नावावर लिहा काका. आजोबा, मी झोपले की तुम्ही वाचा. पण चिठ्ठी हलवायची नाही.”

मी लिहिलं. वीस.

यादी अजून दाराशी आहे. तांबडी ओळ खोडली आहे, आणि हेडसरांच्याच अक्षरात प्रत्येक पुस्तकापुढे एक पान क्रमांक आहे.