न पडलेला दात

लहान मूल पडते, ओठ फुटतो, तोंडातून रक्त येते, आणि घरातले कोणीतरी म्हणते, दुधाचाच दात आहे, आज ना उद्या पडायचाच. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. अकोटच्या पार्बताबाईंच्या मनातही नव्हते.

माणिकबाई ही त्यांची थोरली लेक. तिचे सासर अमरावतीचे; नवरा उत्तमराव कचेरीत कारकून, बिऱ्हाड राजापेठेत. महायुद्धाच्या दिवसांत ती दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी आली. सोबत चार वर्षांचा मुलगा देवा होता. मुलगी झाली, आणि चालीप्रमाणे माणिक बाळंतिणीच्या खोलीत गेली. दाराशी कडुनिंबाचा डहाळा, खिडकीला गोणपाट, खाटेखाली शेगडी. सव्वा महिना तिने उंबरठा ओलांडायचा नाही, आणि देवाने आत यायचे नाही. तो बाहेर उभा राहून आईला दिवसभराच्या गोष्टी सांगायचा.

घरचा पानमळा होता. देवा आजीच्या मागे मागे तिकडे जायचा. एके सकाळी तो विहिरीजवळ मोटेचे पाणी पडते त्या ओल्या थारोळ्यावर घसरला आणि दगडाच्या काठावर तोंडघशी पडला. पार्बताबाईंनी त्याला उचलले. वरचा पुढचा एक दात दिसत नव्हता, हिरडीतून रक्त येत होते. त्यांनी कमरेची डबी काढून चिमूटभर तंबाखूची मिश्री तिथे दाबून भरली. रक्त थांबले. मग दात शोधला. चिखलात नाही, पाटात नाही. कोंबडीने गिळला असेल, असे त्यांनी ठरवले. पडलेला दात छपरावर टाकून नवा मागायचा, ही चाल मोडू नये म्हणून त्यांनी देवाच्या हातात ज्वारीचा दाणा दिला आणि तोच कौलांवर टाकायला लावला. देवाला गंमत वाटली. उंबरठ्याशी येऊन त्याने आईला खिंडार दाखवले. माणिकही हसली.

पण तिच्या मनात शंका आली. ती मराठी सातवी शिकलेली, हाती लागेल ते वाचणारी होती. चौथ्या वर्षी घट्ट दात असा सहज मुळासकट कसा पडेल, असे तिने आतून विचारले, डॉक्टरांना दाखवायला सांगितले. पार्बताबाई म्हणाल्या, पोरं पडतात, दात जातात, तू बाळंतीण आहेस, जिवाला लावून घेऊ नकोस, दूध आटेल.

पुढे देवाचा ओठ जाड झाला. दुधात कुस्करलेली भाकरीही तो खाईना. ताप आला तेव्हा पार्बताबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. सूज गालावर चढली तेव्हा मात्र त्या त्याला कडेवर घेऊन पेठेतल्या रऊफ डॉक्टरांकडे गेल्या.

डॉक्टरांनी हिरडीवरून हलकेच बोट फिरवले. देवा किंचाळला.

"बाई, दात पडलाच नाही," ते म्हणाले. "ठेच लागून वर घुसला. इथं आहे, हाडात."

त्यांनी समजावून सांगितले. दुधाच्या दातालाही मूळ असते आणि ते हाडातच असते. त्याच्यावर पक्क्या दाताचा कोंब असतो. जखम घाणीने भरली गेली, आत पू झाला. दात काढून पुवाला वाट करून द्यायला हवी, आणि ती आजच.

पार्बताबाईंनी मुलाला छातीशी ओढले. "वरच्या दाताले लोखंड लावलं तर डोळा जाते, डॉक्टरसाहेब. आमच्यात कोणी लावत नाई."

दाताचा आणि डोळ्याचा तसा काही संबंध नाही, हे डॉक्टरांनी दोनतीन परींनी सांगून पाहिले. शेवटी ते म्हणाले, "डोळ्यासाठी तुम्ही दाताले भेता. मी पुवाले भेतो. सूज वर चढून राहिली, बाई. थांबू नका."

"याचा बाप अमरावतीले हाय. त्याले इचारल्याबिगर मी हात लावू देणार नाई," असे म्हणून त्या देवाला घरी घेऊन आल्या, आणि सूज उतरावी म्हणून गालावर बिब्ब्याचे बोट ओढले.

डॉक्टर काय म्हणाले ते पार्बताबाई घरात सांगत होत्या; भिंतीपलीकडून माणिकने सारे ऐकले. ती खाटेवरून उठून उंबरठ्याशी आली. देवाचा सुजलेला चेहरा तिला प्रथमच नीट दिसला. तिने पाय पुढे टाकला, तोच आईने दारात आडवा हात धरला.

"माय, जाऊ दे मले. मी नेतो त्याले डॉक्टरकडे."

"येडी झाली का? तुले वारा लागला, तर दोन्ही लेकरं उघडी पडतीन."

माणिक मागे फिरली आणि खाटेवर बसली.

पार्बताबाईंनी करवलेली तार मिळताच उत्तमराव आले, तोवर देवाचा डोळा सुजून मिटला होता. त्यांनी त्याला सर्व्हिस मोटारीने अकोल्याला मोठ्या दवाखान्यात नेले. तिथे पू काढला. पण विष रक्तात उतरले होते. उत्तमराव परत आले ते एकटेच. मुलाला अकोल्यालाच माती दिली होती. माणिकला त्याचे शेवटचे दर्शन झाले नाही. राहिलेले दिवस तिने त्याच खोलीत, त्याच शेगडीवर काढले, कारण चाल तशी होती.

नंतर ती माहेरी गेली नाही. भांडण झाले नव्हते. पार्बताबाई अमरावतीला येणाऱ्या कोणाबरोबर पानांची करंडी पाठवायच्या, माणिक ती ठेवून घ्यायची. त्या बाळंतपणात झालेली शालू तीन वर्षांची झाली तेव्हा पार्बताबाई स्वतःच आल्या. खूप वाकल्या होत्या. माणिकने पाय धुवायला पाणी दिले, चहा केला. मायलेकी वेलींना लागलेल्या रोगाविषयी बोलल्या. देवाचे नाव दोघींनीही काढले नाही.

दुसऱ्या दिवशी शालू ओट्यावरून पडली. तोंडातून रक्त आले. शेजारच्या बेबीताई धावत आल्या, पाहून म्हणाल्या, अगं, दुधाचाच दात, हळद लाव. माणिकला जागचे हलता येईना.

पार्बताबाईंनी शालूला मांडीवर घेतले. आधी ओट्याखालची जमीन पाहिली, मग पोरीचे तोंड उघडले. "दात खाली नाई. चाल पोरी, डॉक्टरकडे."

बेबीताई हसल्या. "आजी, तुमी तं पक्क्या शहरी झाल्या. एवढ्याशा दातापायी डॉक्टर?"

"एवढ्याशा दातापायीच माहा नातू गेला," पार्बताबाई म्हणाल्या. "दातानं नाई, मी नेलं त्याले."

हे वाक्य आईच्या तोंडून ऐकावे, अशी माणिकने तीन वर्षे वाट पाहिली होती. ऐकल्यावर तिला कसलेच समाधान वाटले नाही. तिने फक्त आईचा पदर सावरला, कारण आईचे दोन्ही हात शालूभोवती होते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तोंड स्वच्छ पाण्याने धुऊन पाहिले. दात थोडाच वर गेला होता. तो आज काढायचा नाही, असा दात बहुधा आपोआप खाली येतो, असे त्या म्हणाल्या. मऊ खायला द्या, तोंड स्वच्छ ठेवा, जखमेत मिश्री, हळद काही भरू नका, हिरडी रोज पाहा. दात काळा पडला, हिरडीवर पुटकुळी आली, सूज किंवा ताप आला, तर लगेच या. कोणाला विचारत बसू नका.

पार्बताबाईंनी ते पुन्हा सांगायला लावले. मग दबकत विचारले, "आन् काढा लागला, तर डोळ्याले?"

"डोळ्याला काही होत नाही, आजी."

"त्या डॉक्टरानंबी असंच सांगतलं होतं," पार्बताबाई म्हणाल्या.

परतताना माणिकने शालूला मागितले नाही. आजीच्या कडेवरच राहू दिले. राजापेठेच्या वळणावर ती म्हणाली, "माय, अकोल्याले जाऊ आपण. शालूचे बाबा देवाची जागा दाखवतीन. मले एकटीच्यानं होत नाई."

पार्बताबाईंनी होकारार्थी मान हलवली.

पुढे अकोटच्या त्या आळीत मूल पडले की बायका पार्बताबाईंना बोलावीत, आणि पार्बताबाई मुलाला घेऊन रऊफ डॉक्टरांकडे जात. एकदा तर कोणाच्या सुनेला त्यांनी बाळंतिणीच्या खोलीतून हाताला धरून बाहेर काढले आणि तिच्या लेकराबरोबर पाठवले. सासू रागावली. पार्बताबाई ऐकून घेऊन तिथेच उभ्या राहिल्या.

आपल्या गावागावांत अशी घरे आहेत, आणि त्यांत माया काही कमी नाही. पण मायेला माहितीची जोड नसली, तर ती लेकराच्या आड उभी राहते. पडलेला दात हाती लागला नाही, तर तो गेला असे समजू नका. मुलाला दाखवून आणा. दात दुधाचा असला तरी दुखणे खरे असते. आणि लेकराची आई बोलत असेल, तर ती कोणत्याही खोलीत असो, तिचे आधी ऐका.