सातवी टोपली

"सात म्हनजो काकू. भट्ट्या किती म्हनून इचारलं का सात सांगजो. बाकी माझ्यावर सोड."

गोंदियातल्या सरकारी सभागृहाच्या दारात दीप्तीने हे तिसऱ्यांदा बजावलं. दीप्ती बचत गटांचं काम बघायची. वयाने पोरीसारखी, पण फॉर्म भरण्यात सगळ्या गावाची आजी. सुखवंता पटलेने मान हलवली. तिच्या हातात ताज्या मुरमुऱ्यांची पिशवी होती. कोणाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, मग ते सरकार का असेना.

दरेकशाजवळच्या तिच्या गावात सात बायका एकाच भट्टीवर, तापल्या रेतीत मुरमुरे फोडत. भट्टी सुखवंताच्या परसात, पण ती एकटीची नव्हे. जिचे तांदूळ तिचे मुरमुरे, जिची टोपली तिचा धंदा. संध्याकाळी सगळ्यांनी आपापल्या टोपल्या भट्टीपाशी ओळीने लावून ठेवायच्या आणि सकाळी त्याच ओळीने पाळी घ्यायची. ही रीत सासूच्या सासूपासूनची. आजवर कोणी कोणाची टोपली सरकवली नव्हती.

नऊ वर्षांपूर्वी भर बाजारात एका माणसाने त्या सातजणींतल्या नंदाबाईची टोपली चिखलात उलटी केली. परवानगी नाही म्हणे. परवानगी मागायला गेल्यावर कळलं की सरकारच्या उद्योगांच्या यादीत मशीनवरचे मुरमुरे आहेत, रेतीवरचे नाहीतच. यादीत नाव नाही, म्हणून विक्रीचं कार्ड नाही. कार्ड नाही, म्हणून बाजारात हक्काची जागा नाही; कोणी उठवेपर्यंत बसायचं. तेव्हापासून सुखवंता अर्ज घेऊन हिंडत होती. साहेब बदलले, तिची चप्पल बदलली, अर्ज तोच राहिला. आता महिला उद्योजकांचं म्हणणं ऐकायला मुंबईहून समिती आली होती. 'उद्योजक' हा शब्द स्वतःसाठी पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती लाजली होती. मग तो तिला आवडायला लागला.

तिची पाळी आली. चष्मेवाल्या साहेबांनी विचारलं, "भट्ट्या किती आहेत ताई?"

सुखवंताने आपल्या हातांकडे पाहिलं. नखांत राख होती. सकाळी निघताना तिने भट्टीला हळदकुंकू वाहिलं होतं. त्याच भट्टीबद्दल खोटं बोलायला तिची जीभ वळेना.

"एक."

दीप्तीने डोळे मिटून घेतले.

"भट्टी एकच हाय साहेब. पन धंदे सात हायेत. आमी सात जनी येगयेगळ्या कमावतो. सात नावं लिवा."

आणि तिने सातही नावं सांगितली, एकदाही न अडखळता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी तिने आणलेले, तोंडातले मुरमुरे गिळले. "फार चांगला मुद्दा. नोंद घेतो," ते म्हणाले. सुखवंता गाडीत बसली ती जग जिंकल्याच्या तोऱ्यात. स्टेशनवर उतरल्यावर तिने सहाही घरी जाऊन निरोप दिला, "झालं आपलं काम."

चार महिन्यांनी दीप्ती पाकीट घेऊन आली. यादीत रेतीवरचे मुरमुरे आले होते. नऊ वर्षांनी का होईना, आले होते. त्याखाली बारीक अक्षरांत अट होती: एका भट्टीमागे एकच उद्योजिका, जागा जिच्या घरची ती. पाकिटात एकच कार्ड होतं. त्यावर सुखवंताचा फोटो होता.

कोणी भांडलं नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. फक्त नंदाबाई म्हणाली, "सात म्हनली असती तं का तोंड भाजलं असतं वो तुझं?"

"भट्टीच्या नावानं खोटं कसं बोलू, माय?"

"नोको बोलू. तू बस आता बाजारात. आमाले उठवतीन."

सुखवंताला रडू आलं, पण रडायचा हक्क आपला नाही असं तिला वाटलं.

"आपन पुन्ना अर्ज करू," ती म्हणाली. त्या संध्याकाळी बाकी सहाजणींच्या टोपल्या आधीच ओळीत लागल्या. तिने आपली लावायची म्हटलं, तर जागा शेवटची उरली होती.

बाजाराच्या दिवशी सातजणी नेहमीसारख्या बसल्या. दहाच्या सुमारास बाजार बघणारा माणूस आला. त्याने कार्डं मागितली. सहाजणी टोपल्या उचलून उठल्या.

"तुम्ही बसा बाई," तो सुखवंताला म्हणाला. "तुमचं तर कार्ड आहे."

सुखवंताने कार्ड पदराला बांधलं, टोपली डोक्यावर घेतली आणि ती त्या सहाजणींच्या मागे निघाली. "अब तुमको क्या हुआ?" तो मागून ओरडला.

बाजाराच्या पार टोकाला, नालीच्या पलीकडे, सहा टोपल्या ओळीत लागल्या होत्या. सुखवंता शेवटी जाऊन उभी राहिली. नंदाबाईने तिच्याकडे पाहिलं नाही. आपली टोपली मात्र हातभर सरकवून तिला जागा केली.

दिवस कलेपर्यंत त्या बसून होत्या. तिकडे गिऱ्हाईक काही आलं नाही.