एका मुलीचे दोन आवाज

"आई, तुमच्या कॉलेजची बाकं आमच्या शाळेतल्यांपेक्षाही भंगार आहेत. बसलं की टोचतात," लेक आईच्या दंडाला नाक लावून कुरकुरली.

"मग शेवटच्या बाकावर जा. हेडफोन लाव आणि कार्टून बघ. आवाज नकोय मला."

आई बालगृहाची अधीक्षिका. आठवडाभर दुसऱ्यांची मुलं सांभाळायची आणि मुलं कशी सांभाळावीत ते रविवारी शिकायला यायचं, असं तिचं चाललं होतं. बालसंरक्षणाची ही पदव्युत्तर पदविका एकदा पदरात पडली की दुपारपाळी सुटून सकाळची जागा मिळणार होती, संध्याकाळी घरी राहता येणार होतं. तोवर रविवारी लेकीला शेजारच्या मावशींच्या गळ्यात मारायची. आज मावशी गावाला गेल्या, म्हणून लेक वर्गात.

वर्गात सगळेच नोकरदार. नर्सबाई रात्रपाळी करून यायच्या आणि डोळे मिटून व्याख्यान ऐकायच्या. फौजदार चहा येईपर्यंत तरी गंभीर असायचे. दर रविवारी एकाने कामात भेटलेलं एक प्रकरण नाव-गाव बदलून मांडायचं आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचं, अशी रीत होती. आज पाळी फौजदारांची होती, पण त्यांनी हात वर केले. "मॅडम, आठवडा सगळा बंदोबस्तात गेला हो."

मॅडम अधीक्षिकेकडे वळल्या. "तुमचं तयार आहे ना?"

तयार होतं, हीच पंचाईत होती. बालगृहातल्या मुलांचं दुःख चारचौघांत काढायला तिचा जीव होईना, म्हणून तिने प्रकरण घरातलंच उचललं होतं. मुलीचं वय वाढवलं, नसलेल्या वडिलांना जहाजावर नोकरीला लावलं आणि आता कोण ओळखतंय, असं स्वतःला समजावलं. तिने मागे पाहिलं. लेकीच्या कानांत हेडफोन, मान मोबाईलमध्ये. ती बोलायला उभी राहिली.

"एक मुलगी आहे, तेरा वर्षांची. वडील जहाजावर असतात. शाळेतून आली की आई कामावरून येईपर्यंत घरात एकटीच असते. एकदा आई लवकर आली, तर दाराबाहेरच तिला आतलं बोलणं ऐकू आलं. 'आई, दूध कुठंय?' 'ओट्यावर बघ गं, झाकून ठेवलंय.' दोन्ही आवाज मुलीचेच. जिन्यावरून जाणाऱ्याला वाटावं, घरात मोठं माणूस आहे."

"अगं बाई! पोरीने स्वतःच स्वतःला आई करून घेतली की," नर्सबाई खडबडून जाग्या झाल्या. "याला सरळ दुर्लक्ष म्हणायचं."

"असल्या आईला मी चौकीत एकटीला बसवतो दिवसभर," फौजदार म्हणाले. "बोल म्हणावं तूही दोन आवाजांत!"

वर्ग हसला.

"हौस असते का तिला?" अधीक्षिका एकदम तडकली. "पाळी बदलून मागितली की साहेब म्हणतात, आधी पदविका आणा! गणवेशाला इस्त्री करून जाते ती, दूध झाकून जाते. आणखी काय करायचं तिने?"

हसू जागच्या जागी विरलं. नर्सबाईंना पेनाचं टोपण सापडेना. फौजदारांनी पंखा असा न्याहाळला, जणू तोच आरोपी. सगळ्यांना कळलं होतं, आणि कुणीही कळल्याचं दाखवत नव्हतं. त्या भल्या माणसांचा तो चांगुलपणा तिला थोबाडीत बसल्यासारखा लागला. गेल्याच महिन्यात बालगृहात टेबलापलीकडे उभ्या असलेल्या अशाच एका बाईला तिने विचारलं होतं, 'लाज नाही वाटली?' आता कानापर्यंत तापलेला चेहरा घेऊन ती उभी होती, आणि खाली बसायचंही सुचत नव्हतं.

मॅडमनी घसा खाकरला. "आईबद्दल पुष्कळ झालं. त्या मुलीला काय वाटतं, हे विचारलंय का कुणी?"

"ती... तिला मजा येते. खेळ आहे तिचा तो."

खरं तर तिने विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि ते उत्तर घेऊन दुसऱ्या दिवशी कामावर जायचं कसं?

मागे बाक करकरलं. लेक उभी होती. हेडफोन गळ्यात लोंबत होते, केव्हापासून कोण जाणे.

"खेळ नाहीये तो," ती म्हणाली. सगळी डोकी मागे वळली, पण ती फक्त आईकडे बघत होती.

"मला भीती वाटते, आई."