करपलेलं शोलेत

मंगळवारी आजीला माती दिली, तेव्हापासून आजोबा भिंतीशी सुतकाच्या बुटक्या स्टुलावर बसून होते. शेजारणी उकडलेली अंडी आणायच्या, मसुरीचं सूप आणायच्या. सगळं तसंच परत जायचं. चहा तेवढा घ्यायचे. शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंतच्या आम्हा ज्यूंच्या पवित्र दिवशी, मात्र सुतक बाजूला ठेवून टेबलाशी बसावंच लागतं, आणि आमच्याकडे शनिवारी दुपारी शोलेत असतं, रात्रभर मंद आचेवर शिजलेला घेवडा. ते आजीच करायची.

"मी करते," मी म्हटलं.

"तू?" बुडापेस्टहून आलेली इल्का आत्या म्हणाली. "साधं दूध उतू घालवतेस तू."

"एकदाच गेलं होतं. रोज जात नाही."

मी पंधरा वर्षांची आहे, अख्ख्या शाळेसमोर न अडखळता कविता म्हणते. घेवड्याला काय घाबरायचं? शुक्रवारी भिजलेला घेवडा, जव, कांदा, लसूण, लाल मिरचीची पूड, हंसाची धुरावलेली तंगडी, वरून सालासकट अंडी, असं सगळं आजीच्या जाड पातेल्यात रचलं, पाणी ओतलं आणि मेणबत्त्या लावायच्या आत मंद ओव्हनमध्ये सरकवलं. एकदा शब्बाथ लागला की झाकण उघडायचं नाही, आच कमी-जास्त करायची नाही, पाण्याचा थेंबही घालायचा नाही.

सकाळी बाबा आजोबांना प्रार्थनेला घेऊन गेले. थोड्या वेळाने स्वयंपाकघरात करपल्याचा वास आला.

जव किती पाणी पितात, ते मी हिशेबात धरलंच नव्हतं.

आत्या यातलं काही पाळत नाही. तिने सरळ चहाची किटली उचलली.

"आत्या, नको."

"अगं, पेलाभर गरम पाणी. पपा सिनेगॉगमध्ये आहेत. त्यांना कोण सांगणार, पातेलं?"

"मी सांगेन."

"फार शहाणी झालीस. माझ्या बापाने इतक्या दिवसांत अन्नाला हात लावलेला नाही. त्याच्यापुढे कोळसा वाढणार आहेस?"

पाणी घातलं तर शोलेत वाचणार होतं, पण मग आजोबा ते तोंडात घेणार नव्हते. आणि न सांगता वाढलं, तर माझ्यावर विश्वास ठेवून खाणार होते. ते मला जमणारं नव्हतं. मी ओव्हनला पाठ करून उभी राहिले.

आत्याने किटली आपटली आणि खिडकीशी जाऊन, माझ्याकडे न बघता, रडली. तिची आई गेली होती. हे इतके दिवस माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

दुपारी आजोबा टेबलाशी बसले. मी झाकण काढलं. अंडी गडद तपकिरी झाली होती, त्याखालचा घेवडा मऊ होता आणि बुडाशी काळा थर धरला होता.

"आजोबा, पाणी कमी पडलं. मला सकाळीच कळलं होतं, पण उघडलं नाही."

त्यांनी आत्याकडे पाहिलं.

"मी उघडणार होते, पपा," आत्या म्हणाली. "हिने उघडू दिलं नाही."

मी वरचं न करपलेलं वाढलं. ते कितीतरी वेळ ताटाकडे बघत राहिले. मग एक चमचा घेतला. मग दुसरा. गालावरून पाणी ओघळून दाढीत गेलं.

"पपा," आत्या हळूच म्हणाली, "आज रडायचं नसतं."

"रडतंय कोण? करपलंय ना, ठसका लागला."

बाबा ताटात बघत राहिले. आजोबांनी शेवटचा दाणा उचलला आणि ताट माझ्यापुढे सरकवलं.

"बुडातलं पण वाढ, नोएमी," ते म्हणाले. "नीट खरवडून."