बुजवलेली भोकं

"काका, ती भिंतीवरची मळकी गिटार फुकट देता का?"

हे विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि पैज म्हटलं की भोंगा मागे हटणारी नव्हती. भोंगा हे तिचं वर्गातलं नाव. नववीपर्यंत जिच्या तोंडून शब्द काढायला चिमटा लागायचा, ती मुलगी दहावीत अशी काही सुटली होती की तिने शेवटच्या बाकावर केलेला विनोद मुख्याध्यापकांच्या खोलीत ऐकू जायचा. दुकानाच्या दाराशी दोघी मैत्रिणी हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या.

वाद्यांच्या दुकानातले काका मानही वर न करता म्हणाले, "फुकट फक्त सल्ला मिळतो. देऊ का?"

"आधी गिटार दाखवा. मग सल्ल्याचं बघते."

काकांना हसू आवरेना. त्यांनी पायाने स्टूल पुढे सरकवलं. "काढ खाली. पडलीस तर बोंब मारायची नाही."

इलेक्ट्रिक गिटार होती ती, चांगलीच जड निघाली. मधोमध मधासारखी पिवळी आणि कडांकडे काळपट होत गेलेली. पोटावर खटक्यांची ही गर्दी, जणू जुन्या रेडिओने गिटारीशी संसार थाटला होता. पाठीवर कुणाच्या तरी कमरपट्ट्याच्या बकलाने रंग घासून लाकूड उघडं पाडलं होतं. मानेच्या मुळाशी एक गंजकी पट्टी होती आणि तिच्यावर 'जपान' एवढंच वाचता येत होतं.

"तुझ्या बाबांपेक्षा मोठी असेल ही," काका म्हणाले. "तिकडे एकेका कारखान्यात अशा ढिगाने बनायच्या, आणि विकणारा त्यावर आपलं नाव चिकटवायचा. हिचं नाव कधीच गळून पडलंय."

भोंगा बकलाच्या त्या खरवडीवर बोट फिरवत राहिली. कुणीतरी ही गिटार पोटाशी धरून वर्षानुवर्षं उभं राहिलं होतं.

सौदा तिथेच ठरला. दर रविवारी येऊन तिने दुकानातली धूळ झटकायची, तारा बदलायला हाताशी राहायचं, आणि गिटार आजपासूनच तिची. "पण हिला नवीकोरी करायची नाही," काकांनी बजावलं. "नुसती पुसायची, घासायची नाही. हिचं जे आहे ते हिच्या अंगावर राहू दे. नीट सांभाळलीस तर माळ्यावर हिची बहीण आहे. तीही तुझीच."

दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळेला कळलं की भोंगा जुन्या जपानी गिटारी जमवते. एकच आहे, हे सांगायची घाई तिने केली नाही. खोलीत तिने चार खुंट्या ठोकल्या. एकीवर गिटार, बाकीच्या पुढच्यांसाठी. आईने नाक मुरडलं, "हे भंगार माझ्या धुतलेल्या कपड्यांना लागलं तर बघ." जेवताना ती कारखाने, खटके, पट्टी, पुसायची पण घासायची नाही, सगळं सांगत सुटायची. बाबा फोनकडे बघत हं, हं करायचे.

मग शाळेची सहल आली. ती परत आली तेव्हा बाबा, आई आणि आत्या तिच्या खोलीच्या दारातच उभे होते.

"डोळे मिटून ये," बाबा म्हणाले. "हं, उघड आता."

खुंटीवर एक लालभडक गिटार लटकत होती.

बाबांचं गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं आणि त्यांच्या हातासारखा हात जवळपास कुणाचा नव्हता. "पार लाकडापर्यंत घासून काढली. पुट्टी, प्रायमर, वर तीन हात रंग. तोंड बघ त्यात!"

तिने बघितलं. तोंड अगदी लख्ख दिसत होतं.

"खटके?"

"खडखडत होते नुसते. दोन ठेवले, बाकीची भोकं बुजवून टाकली. कुठे होती दाखव बरं! बोट फिरव की."

तिने बोट फिरवलं. कुठेच काही लागेना.

"आणि मागची पट्टी?"

"गंजलेली गं ती. गेली भंगारात."

"बापाने जीव ओतलाय," आत्या म्हणाली. "थँक्यू तरी म्हणशील!"

भोंगा थँक्यू म्हणाली. ते कुणालाही ऐकू गेलं नाही.

रविवारी दुकानात मैत्रिणी म्हणाल्या, "अगं, पण आता काय भारी दिसते!" काकांनी गिटार उलटीपालटी केली, बकलाची खरवड होती तिथे अंगठा दाबला आणि म्हणाले, "काम झकास आहे."

"मी नाही केलं हे, काका."

"माहितीये. पण ठेवली तुझ्याच घरी होती ना?"

"माळ्यावरची...?"

"राहू दे सध्या वरच." ते चिडले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी आई भांडी विसळत होती आणि बाबा टेबलाशी चहा पीत होते. भोंग्याने लाल गिटार त्यांच्यासमोर ठेवली.

"बाबा, मी सांगितलं होतं ना, घासायची नाही म्हणून? जेवताना सांगितलं होतं."

"तू दिवसभर इतकं बोलतेस. लक्षात कुणी ठेवायचं?"

"जुनी गाडी घेणाऱ्याला तुम्हीच सांगता, मूळ रंग असेल तर हात लावू नका, तीच तर किंमत आहे."

"ती गाडी असते, बाळा. हे खेळणं आहे. चार दिवसांनी तुझ्या डोक्यात दुसरं काही येईल."

"त्यांनी एवढ्या हौसेने केलं," आई नळाजवळून ओरडली, "आणि तू उलटतपासणी घेतेस?"

भोंगा इतक्या हळू आवाजात बोलू लागली की आईला नळ बंद करावा लागला.

"मी गिटारी जमवणार आहे. माळ्यावरची मिळेपर्यंत रविवारी दुकानात जात राहणार. पण यापुढे एकही गिटार या घरात आणणार नाही. मिळतील त्या दुकानातच ठेवीन. आणि ही गॅरेजात टांगा, बाबा, नमुना म्हणून. काम खरंच झकास आहे."