हिंगणीची हिरवी चौकट

मित्रांनो, जवळ येण्याआधी नाक दाबून घ्या. मी एक जुना डॅशबोर्ड आहे. गाडीच्या काचेखालचा नव्हे. वर्ध्यातल्या एका ऑफिसच्या भिंतीवर मोठा पडदा आहे, त्यावर रंगीत चौकटींचा जो फलक दिसतो, तो मी. ग्राहक सुखी आहे की त्रासात, हे साहेबांना खुर्चीवरून न उठता कळावं म्हणून माझा जन्म झाला. आता मला माझ्याच तोंडाची शिसारी येते.

आमची कंपनी गावोगावच्या डेअऱ्यांना दूध थंड करायच्या टाक्या भाड्याने देते आणि त्यांची दुरुस्तीही करते. ग्राहकांकडे लक्ष ठेवायला कंपनीने एक सॉफ्टवेअर घेतलं. त्यात आयते फलक होते, पण ते कुठल्यातरी परदेशी व्यापाऱ्यासाठी बनवलेले. त्यांना आमच्या दुधाचं काय कळणार? म्हणून आमच्याच ऑफिसातल्या, आंजी गावच्या समीक्षाने मला नव्याने घडवलं. प्रत्येक डेअरीला एक चौकट दिली. टाकी थंड आणि तक्रार मिटलेली असली तर हिरवी, नाहीतर लाल. शिवाय एक नियम तिने स्वतःच्या अकलेने घातला. सारखा फोन करणारा ग्राहक अचानक गप्प झाला, तर त्याची चौकट लाल करायची.

"आपल्याकडचा मानूस थकला का बोलनं सोडते, सर," ती शाखाप्रमुख कैलास सरांना म्हणाली होती.

माझ्यापुढे नारळ फुटला. पडद्याला हळदकुंकू लागलं. लाल चौकट दिसली की मिस्त्री पान्यांची पिशवी घेऊन अल्लीपूरला नाहीतर हिंगणीला निघायचा, आणि तो परतेपर्यंत मी हिरवा व्हायचो. येणारा-जाणारा माझ्यापुढे उभा राहून माझा फोटो काढायचा. ते दिवस चांगले होते.

पुढे हेड ऑफिसचे पाहुणे येऊ लागले आणि लाल रंग सरांच्या डोळ्यांत खुपू लागला. मिस्त्री एकच होता, कामं वाढली होती. आणखी एक मिस्त्री ठेवायचं सोडून सरांनी रंग बदलायचा हुकूम सोडला. समीक्षा अडून बसली. मग ते काम स्वप्निल नावाच्या तिच्या सहकाऱ्याकडे गेलं. त्याने एका हातात चहाचा कप धरून माझा पार सत्यानाश केला. टाकीच्या थंडाव्याची नोंद काढली. गप्प बसण्याचा नियम पुसला. जुनी तक्रार महिना संपला की आपोआप मिटल्यात जमा. बदल्यात ग्राहकाला अधूनमधून एक फोन जायचा, "कसं काय, बरं हाय का?" समोरून "बरं हाय" आलं की चौकट हिरवी, आणि तिच्यावर एक हसरा पिवळा चेहरा. शी! तो चेहरा उमटला की कुणीतरी माझ्या तोंडावर पिंक टाकल्यासारखं वाटायचं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

हिंगणीला देवकाबाईंची डेअरी होती. गावच्या बायका सकाळ-संध्याकाळ तिथेच दूध घालायच्या, कारण देवकाबाईंकडे दूध नासत नाही असा त्यांचा लौकिक होता. उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांची टाकी बिघडली. त्यांनी फोन केला, पुन्हा केला, आणखी केला. मिस्त्री उद्या येईल, हेच उत्तर मिळत राहिलं. इकडे दूध फाटू लागलं, नालीत ओतावं लागलं, आणि एकेक बाई दूध घेऊन खासगी गाडीवाल्याकडे वळू लागली. डेअरी मोडायला आली. शेवटी देवकाबाईंनी फोन करणंच सोडलं. महिना संपला, जुन्या तक्रारी मिटल्यात जमा झाल्या, नवी एकही आली नाही, आणि माझ्यावर त्यांची चौकट सगळ्यांत हिरवीगार झाली.

पाहुणे यायचे होते. सर्वांत समाधानी ग्राहकाचा त्यांच्यासमोर सत्कार करू, असं कैलास सरांना सुचलं. त्यांनी माझ्याकडे पाहून नाव काढलं.

देवकाबाई आल्या त्या हातात दुधाचा कॅन घेऊन. बाईंनी प्रेमाने दूध आणलं, असं सर्वांना वाटलं. शाल घातली, श्रीफळ दिलं, टाळ्या झाल्या. मग बाईंनी कॅनचं झाकण काढलं. आत पिवळट पाणी आणि त्यावर तरंगणारा चोथा होता. आंबूस, कुजकट वास सगळ्या ऑफिसात भरला. पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावले, एक जण ओकारी आवरत बाहेर धावला.

स्वप्निल चाचरत म्हणाला, की फोनवर तुम्हीच तर बरं आहे म्हणाला होतात.

"बाबू, बरं हाय का म्हून कोनी विचारलं, तं बरं हाय असंच म्हना लागते. अंगात ताप असला तरी," देवकाबाई शांतपणे म्हणाल्या. "तू माह्यं विचारलं, मी माह्यं सांगतलं. टाकीचं काऊन नाई विचारलं?"

मग नंतर तक्रार का केली नाही, असं कैलास सरांनी विचारलं.

"थकली मी, साहेब."

समीक्षाने मान खाली घातली. बाईंनी शालीची घडी करून माझ्याखालच्या टेबलावर ठेवली आणि त्या निघून गेल्या.

त्याच दुपारी समीक्षा मिस्त्रीला घेऊन हिंगणीला गेली. टाकी दुरुस्त झाली, छान गार झाली. पण तिच्यात ओतायला दूध कुठे होतं? दुसरीकडे गेलेल्या बायका परत आल्या नाहीत. ऑफिसात परतल्यावर समीक्षाने देवकाबाईंची चौकट स्वतःच्या हाताने लाल केली. एवढ्या हिरव्यात ती एकटीच लाल होती, आणि तेवढाच भाग माझा खरा होता.

पुढे देवकाबाईंनी डेअरी बंद करून टाकी परत पाठवली. ग्राहकच उरला नाही, म्हणून स्वप्निलने ती चौकट काढून टाकली. मी पुन्हा पूर्ण हिरवा झालो. सरांनी ऑफिसात पेढे वाटले. समीक्षाने पेढ्याला हात लावला नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाही तरी चालेल. पण सारखं कुरकुरणारं एखादं माणूस अचानक गप्प झालं, तर त्याला सुखी समजू नका. त्याच्या दारी जा. आणि "बरं हाय" ऐकून माघारी फिरू नका, झाकण काढून वास घ्या.