साच्याची पुढची तारीख

मुलगी जाऊन चार महिने झाले आणि दातांच्या डॉक्टरांनी तिला दिलेली तारीख उजाडली. ही तारीख मिळवायला तिच्या बापाने, एका कारकुनाने, चौदा फोन केले होते. तेव्हा मुलगी दहा वर्षांची होती, पुढचे दात ओठांबाहेर डोकावत होते आणि तारा लावायचं ठरलं होतं. शहाण्या माणसाने आता एक फोन करून तारीख रद्द केली असती. कारकून इस्त्रीचा शर्ट घालून, बायकोला घेऊन दवाखान्यात हजर झाला.

कारण दवाखान्याच्या कपाटात होतं. पहिल्या भेटीत मुलीच्या दातांचा प्लास्टरचा साचा घेतला होता. तो परत मिळेल का, असं कारकुनाने सहज विचारल्यासारखं फोनवर विचारलं, तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "साचा आम्ही देत नाही. उपचार बंद झाले की टाकून देतो."

खरं सांगितलं असतं तर बाईंनी साचा दोन्ही हातांनी दिला असता, हे शेंबडं पोरही सांगेल. पण त्यासाठी एक वाक्य बोलावं लागलं असतं, आणि ते वाक्य नवरा-बायको अजून एकमेकांपाशीही बोलले नव्हते. शिवाय बावीस वर्षं दफ्तरात घासून कारकुनाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: जिच्यावर पुढची तारीख आहे, त्या फाइलला रद्दीवाला हात लावत नाही.

"पेशंट कुठाय?" बाईंनी विचारलं.

"ताप आहे," कारकून म्हणाला.

"आणि खोकला," बायकोने भर घातली.

"मग आलात कशाला?"

"चौदा फोनांनी मिळालेली तारीख हो ताई, वाया कशी घालवू? साचा आहे ना तुमच्याकडे, तोच दाखवा डॉक्टरांना. तो काही मध्येच तोंड मिटून घेत नाही."

डॉक्टर दिवसाला चाळीस तोंडं बघत. तोंडामागे माणूस नाही, हे त्यांना उलट सोयीचंच वाटलं. बायकोने ट्रेमध्ये रुमाल पसरला, त्यावर साचा ठेवला गेला, वरचा दिवा लागला.

"हा सुळा दुधाचा होता. पडला का?"

"पडला," बायको म्हणाली.

"हलतोय," कारकून म्हणाला.

डॉक्टरांनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं.

"अहो, इतके महिने कसा हलेल? कधीच पडला असेल!" बायको नवऱ्याला म्हणाली.

"तू पाहिलास पडताना? मी हात लावला तेव्हा हलत होता."

"तुमचं नेहमीचंच. सगळं लोंबकळत ठेवायचं."

"हलतोय असं लिहितो," डॉक्टर घाईने म्हणाले. "पडल्यावर तारा लावू. पुढची तारीख घेऊन जा."

कारकुनाचा जीव भांड्यात पडला.

काउंटरवर बाईंनी वही चाळली. "येता मंगळवार, सकाळी दहा."

"चालेल, चालेल."

"नाही चालणार," बायको म्हणाली. "सकाळी शाळा असते."

कारकुनाने तिच्या पायावर पाय दिला. ती ढिम्म.

"संध्याकाळी तीन महिने जागा नाही. एक दिवस शाळा बुडली तर आभाळ कोसळत नाही, बाई."

"आधीच खूप बुडलीय."

"मग रद्द करू?" बाईंनी पेन उचललं.

कारकुनाच्या तोंडचं पाणी पळालं. एका शब्दात बायकोला गप्प करता आलं असतं. अगं, कसली शाळा? जिभेवर आलंच होतं. त्याने बायकोकडे पाहिलं. हनुवटी वर करून, पर्स छातीशी धरून ती उभी होती, बाईंना वर्गातून मुलीचं नाव कमी करू देणार नसल्यासारखी. त्याने तो प्रश्न गिळला.

"तीन महिन्यांनंतरचीच द्या," तो म्हणाला. "शाळा महत्त्वाची."

"बघा हं, एवढं थांबाल?"

"थांबू."

बाईंनी कपाळावर आठी घालत पान उलटलं. "साडेपाच की सहा?"

"सहा," दोघं एकदम म्हणाली.